डब्यात दगड झालेला शेंदूर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. सासूजवळ नाही, यांच्याजवळ नाही, केशोरीला माझी आई होती तोवर तिच्याजवळही नाही. आई गेली तेव्हा मनात आलं, आता सांगावं असं कुणी उरलंच नाही, चला, सुटले. पण सुटले कुठे? म्हणून ही वही. चौथी पास झाल्यावर घेतलेली पहिलीच वही — आणि तीही कशासाठी, तर सात वर्षांचं जुनं खोटं लिहायला. टाक धड चालत नाही, शाई गळते, सासूचा दुपारी डोळा लागतो तेवढाच वेळ मिळतो. तरी लिहिते. तू कोण आहेस मला ठाऊक नाही. पण तुझ्यासमोर पदर पुढे ओढावा लागत नाही, एवढं पुरे आहे.

आधी नावेचं सांगते. नाहीतर तू म्हणशील, शेंदराचं एवढं काय मोठं?

आमचं घर वैनगंगेच्या घाटावर, तिरोड्याच्या अंगाला. आम्ही ढिवर. माणसं नदीपार नेण्याचं काम सासऱ्यांच्या आधीपासून या घरात. तेव्हा लाकडी डोंगे होते. डोंग्याला काय लागतं? उन्हाळ्यात उलथा घालायचा, फटी बुजवायच्या, राळ आणि तेल फासायचं, झालं. मग स्वराज्य आलं आणि काही वर्षांनी घाटाला सरकारी नाव मिळाली — लोखंडी, पत्र्याला पत्रा रिबिटांनी जोडलेली, बैलगाडी चढेल एवढी. सासूने तिला ओवाळलं. आणि एकच पावसाळा गेला, तर नावेच्या अंगावर तांबूस फोड. बोट लावलं की भुगा पडायचा. सासू घाबरली, म्हणाली, "नावेले देवी आल्या वाटते."

देवी नव्हत्या, गंज होता. तो आवरायला एक म्हातारा मिस्त्री आला. गोंदियाकडचा, बोलणं सगळं हिंदी. अर्धं आयुष्य त्याने मुंबईच्या गोदीत जहाजांची पोटं खरडण्यात आणि रंगवण्यात घालवलं होतं. त्याने आम्हाला ते काम शिकवलं. लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत खरडायचं. खरडलं त्याच दिवशी त्यावर शेंदराचा हात द्यायचा — कोरडा शेंदूर, उकळलेल्या जवसाच्या तेलात कालवलेला. तो वाळला की वरून डांबर. दर उन्हाळ्याला.

"शेंदूर?" सासू म्हणाली. "आमच्या मारुतीले लावतो तो?"

"वही, माँजी," मिस्त्री म्हणाला. "इतना बड़ा जहाज, समुंदर में खड़ा रहता है, तो इसी के भरोसे."

सासूचा आनंद मावेना. तिने तिथल्या तिथे नियम करून टाकला. शेंदूर कालवायचा शनिवारी, पहिला हात घाटावरच्या मारुतीला, मग नावेला. मिस्त्री हसला, म्हणाला, लगाओ. जाताना मात्र एक गोष्ट त्याने बोट उगारून सांगितली, आणि ती मीही ऐकली होती — दारामागे उभी होते, पण ऐकली होती. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर ठेवायचा नाही. लागेल तेवढाच कालवायचा. उरला तर तो दगड होतो.

ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. तेच तर.

आता मंसाराम भाऊजींचं सांगावं लागेल. यांचे धाकटे भाऊ. हे स्वतः शांत — तंबाखू मळायची, नदीकडे पाहायचं, नाव आपोआप पार जाते असं यांचं मत. सगळी काळजी भाऊजींच्या वाट्याला. आणि काळजी तरी किती करावी माणसाने? मिस्त्रीचा शब्द म्हणजे त्यांना पोथी. त्यांना एक खोड होती, अजून आहे. लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की उजव्या अंगठ्याचं नख तिच्यावर घासून पाहायचं. बादली असो, बिजागरी असो, माझ्या हातातला विळा असो. एकदा चुलीवरून उतरवलेला तवा उलटा करून म्हणाले, "वैनी, हा खालून गंजून राहिला." अहो, तवा आहे तो, त्यावर काय समुद्र पार करायचा आहे? — हे मी मनात म्हणाले. तोंडाने म्हणाले, "हो."

मी सगळ्यांना "हो" म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून हाच माझा शब्द. आणि जिथे "हो" म्हणून भागत नाही, तिथे मी पाण्याचा गुंड उचलते आणि नदीवर जाते. घरात कुणाचा आवाज चढला की माझ्या डोक्यावर गुंड असतोच. सासू म्हणायची, "हिच्या माहेरी पाणी नसन पाह्यलं हिनं."

नावेचं बाहेरचं काम हे दोघे भाऊ करत. आतलं माझ्याकडे. नावेच्या तळाशी लोखंडी फासळ्या आहेत, त्यांच्यावर फळ्या. फळ्या काढल्या तरी त्या फासळ्यांच्या खाचेत पुरुषाचा खांदा शिरत नाही. माझा शिरतो. जेठाच्या उन्हात तापलेल्या लोखंडावर पालथं पडायचं, पातीच्या तुकड्याने गंज खरडायचा. नाकात गंज, डोळ्यात गंज, रात्री पदराला नाक पुसलं तर लाल. आणि वरून भाऊजींचं डोकं खाली वाकलेलं — "काऊन वैनी, तो कोपरा राहिला ना? मले इथून दिसून राहिला." दर वर्षी. प्रत्येक कोपरा. आणि तो कोपरा खरंच राहिलेला असायचा, म्हणून तर आणखी राग यायचा.

मी हे का लिहिते आहे एवढं लांबवून? राग होता म्हणून सांगते, सबब म्हणून नाही. राग मलाही होता, रामाच्या पारी उठणाऱ्या सगळ्याच बायकांना असतो. त्या सगळ्या काही नावा बुडवत नाहीत.

तो नावेचा तिसरा उन्हाळा. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न शुक्रवारचं, केशोरीला. गोंदियाहून छोट्या गाडीने अर्जुनी, तिथून बैलगाडी. म्हणजे गुरुवारी घर सोडलंच पाहिजे. आधीच्या शनिवारी भाऊजींनी शेंदराचा डबा माझ्या हातात दिला, आणि एक बाभळीची काडी. ती त्यांनी स्वतः तासली होती, तिच्यावर चाकूने तीन खाचा पाडलेल्या — तेल कुठवर, शेंदूर कुठवर, ते कळायला. काडीलासुद्धा खाचा. म्हणाले, "अर्धाच कालवा, वैनी. बाहेरच्या हातापुरता. बाकीचा कोरडा राहू द्या, आतल्या कामाच्या दिवशी ताजा कालवू."

मी म्हणाले, "हो."

आणि सगळा कालवला.

का? सासू सकाळपासून मारुतीसाठी ओरडत होती. तेल उकळताना त्याचा वास डोक्यात गेला होता. आणि मला वाटलं — हे तुला हसू येईल — मला वाटलं, शेंदूर तो शेंदूर. आमच्या देवघरात मारुतीचा शेंदूर वाटीत कालवलेला असतो, महिना महिना तसाच राहतो, बोट फिरवलं की मऊ. तेल वेगळं, हे मला माहीत होतं. तरी वाटलं, देवाला चालतं ते नावेला चालत नाही? नावेचे एवढे काय लाड? भाऊजींची अर्धा, पाव, ताजा, कोरडा ही कटकट ऐकून मला इतका वीट आला होता की उरलेला शेंदूर डब्यात ओतताना हाताला बरं वाटलं. चूक म्हणावी तर चूक. पण हातून झालेली नाही, हाताने केलेली.

शनिवारी मारुतीला शेंदूर लागला. रविवारी सकाळी मी नावेचा तळ आतून खरडून चकचकीत केला. दोघा भावांनी शनिवारी आणि रविवारी सकाळी बाहेरून हात दिला. दुपारी आत उतरायचं, तर बातमी आली, भावकीतला एक म्हातारा गेला. झालं. तीन दिवस नावेला हात नाही. नावेला शेंदूर लावणं म्हणजे शुभकार्य, सुतकात कसं करणार? भाऊजी कुरकुरले, "खरडलेलं लोखंड उघडं पडून हाय." सासूने डोळे वटारले.

बुधवारी मी डब्याचं झाकण काढलं. काडी मध्ये उभी होती. धरून ओढली, तर काडीबरोबर डबाच वर आला.

मी वरून तेल ओतलं, ते नुसतं तळ्यासारखं उभं राहिलं. चुलीवर ठेवला, धूर निघाला. वरवंट्याने ठोकला, तर एक टवका उडाला आणि माझ्या कपाळाला लागला. हसू नको. मी त्या डब्यासमोर बसून दात ओठ खात होते. डब्यावर, मिस्त्रीवर, मेलेल्या म्हाताऱ्यावर, दुसऱ्या दिवशीच्या गाडीवर. स्वतःवर सोडून सगळ्यांवर.

घाटावरून भाऊजींची हाक आली, "वैनी, कोरडा ठेवला ना? आणा, मी कालवून देतो."

"हो," मी म्हणाले. "मीच आणते कालवून."

हे पहिलं खोटं. तेव्हासुद्धा बाहेर जाऊन सांगितलं असतं, "भाऊजी, दगड झाला," तर काय झालं असतं? ते चार दिवस बोलले असते. सासू आठ दिवस. लग्नाला जाणं कदाचित राहिलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी मी कोनाड्यातला गेरू घेतला — अंगणातल्या ओट्याला काठ काढतो तो — उरलेल्या जवसाच्या तेलात कालवला, रंग फिका पडला म्हणून देवघरातल्या वाटीतला शेंदूर त्यात चिमूटभर टाकला. आणि नावेत उतरले. तीन दिवसांत खरडलेलं लोखंड पुन्हा तांबूस झालं होतं. ते मी पुन्हा खरडलं नाही. गंजावर माती फासली, इतकंच केलं. भाऊजींनी वरून वाकून पाहिलं. सावलीत लाल ते लालच दिसतं. आणि ओल्या रंगाला ते नख लावत नाहीत, मिस्त्रीने तसं सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी भाऊजी तिरोड्याला गेलेले. मी यांच्या मागे लागले, मी निघायच्या आत आतलं डांबर लावून घ्या, मग माझ्या जिवाला घोर नाही. हे म्हणाले, "वाळलं का?" म्हटलं, "वाळलं." यांनी तंबाखू थुंकली आणि डांबर फासलं. आता वरून काळंभोर. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. डबा मी गोठ्यात गव्हाणीखाली पुरला, काडीसकट. नदीत टाकावा तर जेठातली वैनगंगा, गुडघाभर पाणी, तळ दिसतो.

लग्नात मी पोटभर जेवले. हेही लिहून ठेवते.

परत आले तर भाऊजी विचारतात, "वैनी, माझी काडी पाह्यली का?" मी म्हणाले, "नाही." त्या पावसाळ्यात त्यांनी चार वेळा विचारलं. शेवटी नवी तासली.

आणि मग काहीच झालं नाही. अख्खा पावसाळा गेला, नाव चालली. मला काय वाटलं असेल? भीती गेली आणि तिच्या जागी अभिमान आला. पाहा, म्हटलं, गेरूनेही चालते तुमची नाव. जहाजाच्या एवढ्या गप्पा, आणि ओट्याच्या मातीवर चालून राहिली. हे मी मनातल्या मनात किती वेळा म्हणाले असेन.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊजी म्हणाले, आतला तळ पुन्हा उघडा करून पाहू. डांबर खरडलं असतं तर खाली गेरू दिसला असता. मी म्हणाले — आणि मी कधी आपणहून बोलत नाही, म्हणून माझ्या बोलण्याला वजन आलं — मी म्हणाले, "आतलं चांगलं आहे, मी खाली शिरून सगळं पाहिलं. डांबरालाही तडा नाही. उगाच कशाला खरडता?" हे म्हणाले, "राहू दे ना मंसाराम, वैनी तुझी सांगून राहिली." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नख न लावता एखादी गोष्ट सोडून दिली.

पहिल्या वर्षी मी घाबरून खोटं बोलले होते. या वर्षी शांतपणे बोलले. मला हे दुसरं जास्त वाईट वाटतं. तुला?

भादव्यात, बाजाराच्या दिवशी, नाव भरून पलीकडे निघाली. नाव हाकायचा बांबू भाऊजींच्या हातात. मी अलीकडच्या काठावर भांडी घासत होते, मला सगळं दिसत होतं. मधोमध गेली आणि फळ्यांवर बसलेल्या बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. फळ्यांच्या फटीतून पाणी वर येत होतं. तळाचे रिबीट होते त्या ओळीने पत्रा गंजाने खाऊन टाकला होता, वरून डांबराची साल तेवढी शाबूत. भाऊजींनी आरडाओरडा केला नाही. उभ्या बायकांना बसवलं, नाव प्रवाहाबरोबर सोडली आणि खालच्या अंगाच्या रेतीवर नेऊन घातली. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. सगळी वाचली. एका म्हातारीची शेळी बांधलेली होती, ती नावेतच बुडाली. ती म्हातारी काठावर बसून शेळीच्या नावाने रडत होती. शेळीलाही नाव होतं, रतनी.

वाचवलं कुणी? भाऊजींनी. पण ते कुणी बोललं नाही. बोलले ते वेगळंच.

पाणी उतरल्यावर नाव वर ओढली. मिस्त्री आला, आणखी म्हातारा झालेला. गाव गोळा झाला. मिस्त्री गुडघ्यावर बसून तळाचं डांबर खरडू लागला. खाली लाल भुगा निघाला, तो त्याने तळहातावर घेतला, थुंकी लावून चोळला. मग उठून म्हणाला, "ये सिंदूर नहीं है. गेरू है. सिंदूर कहाँ गया, मंसाराम?"

भाऊजींचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना कळतच नव्हतं. त्यांनी स्वतः नख लावून पाहिलं. पुन्हा लावून पाहिलं. "शेंदूरच होता जी," ते म्हणाले. "मी सोताच्या हातानं डबा देल्लो."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्या मारुतीले इचारा ना." सगळ्यांनी वळून घाटावरच्या मारुतीकडे पाहिलं. तीन-चार वर्षांत तो शेंदराने भरघोस झाला होता, नाकडोळे बुजत आले होते. आणि एक जण म्हणाला, "मारुती जाड झाला अन् नाव बारीक झाली." लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते.

तेव्हा भाऊजी माझ्याकडे वळले. मी बायकांच्या मागे उभी. म्हणाले, "वैनी, तुमी सांगा ना. आतला हात तुमीच देल्ला. शेंदूर होता का नाई?"

इथवर आले. तीन दिवस झाले ही वही उघडून, आणि इथे येऊन रोज थांबते. आज लिहिते.

सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. मी पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "डब्यात देल्लं तेच लावलं, जी. मले काय मालूम."

एवढंच. मी भाऊजींना चोर म्हटलं नाही. कुणाचं नाव घेतलं नाही. पण डब्यात दिलं कुणी? त्यांनी. मग डब्यात गेरू असेल तर तो कुणाचा? मी हे बोलायच्या आधी मोजलं होतं. लाजाळू बाईला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, हेही मोजलं होतं. मला लोक भित्री म्हणतात, साधी म्हणतात. त्या दिवशी मी त्या साधेपणाच्या आड उभी राहिले आणि तिथून नेम धरला.

मग मी गुंड उचलला आणि पाण्याला गेले. मागे काय झालं ते मला नंतर कळलं. मिस्त्री भाऊजींना म्हणाला, "मैंने तेरे को सिखाया था," आणि निघून गेला. यांनी सगळ्यांसमोर भाऊजींच्या हातचा बांबू काढून घेतला.

नाव दुरुस्त झाली, यांच्याकडे राहिली. भाऊजींना घाटावर कुणी नीट हाक मारेना. पोरंठोरंसुद्धा "जाड मारुती" म्हणायची. आमगावकडे त्यांच्या लग्नाची बोलणी चालली होती, ती माणसं पुन्हा आली नाहीत. सासू म्हणाली, देवाले लावला असन तं पाप नाई — म्हणजे तिनेही मानलंच, की लावला. घरात एका पंगतीला बसून दोन भाऊ बोलेनासे झाले. मी वाढत होते. भाऊजींनी मला एकदाच विचारलं, गोठ्यात, गव्हाणीपाशी — ज्याच्यावर ते उभे होते ते त्यांना ठाऊक नव्हतं — "वैनी, त्या दिवशी डब्यातला तुमाले लालच वाटला ना? पिवळट नवता ना?" ते अजून रंगच शोधत होते. दुकानातूनच खोटा आला असेल का, बदलला गेला असेल का. माझ्यावर त्यांचा संशयच गेला नाही. मी म्हणाले, "मला नाही आठवत," आणि पाण्याला गेले.

त्या माघात ते गाव सोडून गेले. आता दरेकशाकडे असतात. डोंगरात रेल्वेचे लोखंडी पूल आहेत, त्यांना रंग देणाऱ्या टोळीत. लग्न उशिरा झालं. ऐकते की तिथे त्यांना मान आहे, त्यांनी नख लावून पाहिल्याशिवाय मुकादम पुढचा हात देऊ देत नाही. हे यांच्या मामाने सांगितलं तेव्हा मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू — पाहा, बरंच झालं की. आणि लगेच स्वतःची अशी चीड आली. बरं झालं ते त्यांनी केलं. मी केलं ते वेगळं, ते घाटावर अजून तसंच आहे. वर्षातून एकदा, दिवाळीला, आईसाठी म्हणून येतात. ओसरीत बसतात. यांच्याशी दोन शब्द, पावसाचे. घाटावर उतरत नाहीत.

एवढी वर्षं दडपून ठेवलं, मग आताच काय झालं? सांगते. या भादव्यात मारुतीची खोळ पडली. शेंदराचं कवच फार जाड झालं की कधीतरी ते आपोआप सुटून येतं. सकाळी लोक गेले तर ते कवच पायाशी पडलेलं, आणि आत मूळचा लहानसा मारुती, नाक, डोळे, सगळं कोरीव. माझ्या डोळ्यांनी मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. कवच वाजतगाजत नदीत सोडायचं असतं. चौघांनी उचललं. पाण्यात सोडताना एक म्हातारा म्हणाला, "घे माय, मंसारामनं खाल्लेला तुझ्या नावेचा शेंदूर तुले परत." आणि सगळे हसले. नवीन सुनासुद्धा हसल्या, ज्यांनी मंसारामला कधी पाहिलंही नाही. हेही हसले — त्यांचा सख्खा भाऊ. मला इतका संताप आला. किती वर्षं तेच तेच बोलता, म्हटलं, दुसरं काही नाही का तुम्हाला? मनातच म्हटलं. आणि मग सुचलं, त्यांना दुसरं बोलायला मीच तर दिलेलं नाही.

परवा दुपारी गव्हाणीखाली उकरलं. डब्याचा पत्रा गंजून पापुद्रे झाला होता, हात लावताच गळून पडला. शेंदूर मात्र जसाच्या तसा. डब्याच्या आकाराचा गोळा, अंगावर एक सुरकुती नाही, आणि मधोमध ती काडी उभी, तीन खाचांची. सात वर्षं ओल्या जमिनीत राहून त्याला काही झालेलं नाही. मिस्त्री खोटं बोलत नव्हता.

मी तो धुतला. सासूने विचारलं, "हे का व?" मी म्हटलं, "शेंदूर आहे. नावेचा." ती बघत राहिली. तिला कळलं का, ठाऊक नाही. यांनी अजून पाहिलेला नाही, किंवा पाहून तंबाखू मळत बसले असतील. यांनाही मीच सांगणार आहे, भाऊजी येतील त्याच दिवशी, दोघा भावांना एकत्र.

गोळा ओसरीत ठेवला आहे, दाराच्या उजव्या अंगाला, भाऊजी येऊन बसतात त्या जागी. दिवाळीला आठ दिवस आहेत. ते येतील, बसतील, आणि आधी त्यांचं नख त्याच्यावर जाईल. मग काडी दिसेल. खाचा त्यांच्याच हातच्या आहेत, ओळखायला वेळ लागणार नाही.

त्या दिवशीचं पाणी मी सकाळीच भरून ठेवणार आहे.